काजपट्टी

मी एक जुनी आडवी पट्टी आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि ज्या दिवशी पाहाल तो दिवस बहुधा बरा नसेल.

गाडीच्या तोंडाशी जो गुळगुळीत बंपर दिसतो, ज्याला टेकून तुम्ही गप्पा मारता, तो नुसता प्लॅस्टिकचा मुखवटा असतो. धूळ, चिखल आणि कौतुक झेलण्यापुरता. त्याच्या आत, काळोखात, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत जी पोलादी पट्टी आडवी बसवलेली असते, ती मी. कारखान्यात मला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गॅरेजात सगळे मला 'पट्टी' म्हणतात. मोजायची पट्टी असते, जखमेवर बांधायची असते, डोळ्यांवर बांधायचीही पट्टीच असते. हाक मारण्यापुरतं नाव असलं म्हणजे झालं, असं मला तेव्हा वाटायचं. त्या नावानेच पुढे माझा घात केला.

माझा जन्म भट्टीत झाला. पत्रा लालबुंद होईस्तोवर तापवला आणि तसाच उचलून गार साच्यात दाबला. त्या एका दाबात मला आकार आला आणि त्याच दाबात अंगात कडकपणा उतरला. साच्यावरचा म्हातारा कामगार नव्या माणसांना बजावून सांगायचा, "हिला आता पुन्हा तापवायचं नाही बरं का. तापवली की गेली." मित्रांनो, हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

त्याच साच्यातून माझ्याआधी निघालेली माझी एक बहीण होती. तिला एका गाडीला बसवलं आणि ती गाडी मुद्दाम भिंतीवर नेऊन आदळली. आत माणसांच्या जागी बाहुले होते, पट्टे बांधलेले, निमूट. आवाज असा झाला की शेडमध्ये रचून ठेवलेल्या आम्ही सगळ्याजणी शहारलो. मग तिला आमच्यासमोरून उचलून नेलं. ती वाकली होती, पण कुठेही तुटली नव्हती. सगळा धक्का तिने आपल्या अंगभर पसरून घेतला होता आणि मागच्या दोन लांब दांड्यांना सारखा वाटून दिला होता. दांडे चुरगळले, ती चेपली, आणि बाहुल्यांचे पाय शाबूत राहिले. लोक टाळ्या वाजवत होते. आमचं काम काय, ते मला त्या दिवशी कळलं. वर्षानुवर्षं काहीच करायचं नाही. एकदाच करायचं, डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि मग भंगारात जायचं. पण त्या एकदासाठी अंगाने अख्खं राहायचं.

तशी माझ्या अंगात जन्मापासून दोन-चार छिद्रं होती. काही बोल्टांची, एक गाडी ओढायचा आकडा अडकवायचं. ती कुठे पाडावीत, केवढी पाडावीत, यासाठी माणसांनी खूप डोकं खपवलं होतं आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी मोडून पाहिल्या होत्या. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे याच छिद्रांची साक्ष माझ्याविरुद्ध काढली गेली.

माझा पहिला मालक गाडी फक्त धुवायचा आणि झाकून ठेवायचा. त्याच्याकडे माझी वर्षं झोपेत गेली. मग गाडी विकली गेली आणि आम्ही मास्टरांकडे आलो.

मास्टर म्हणजे शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मधल्या बोळात पत्र्याचं छप्पर घालून गाडीची जागा केलेली. दिवसभर मशीनची घरघर माझ्या कानावर असायची. मास्टर कापायचे आणि शिवायचे. काज-बटण, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांना परतवणं ही खाती काकूंकडे होती. काकू म्हणजे मास्टरांची बायको. गल्लीतली सगळी त्यांना काकूच म्हणायची. काकूंचा कान असा, की भाजी परततानासुद्धा दुकानातल्या मशीनचा टाका सुटला तर त्यांना कळायचं. आतूनच ओरडायच्या, "अहो, सुई बदला!" आणि मास्टर निमूटपणे बदलायचे.

त्यांना एकच लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून नाव पडलं टिचकी. आता ती चांगली उंच झाली होती आणि हायवेवरच्या मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती. गाडी घेतली ती तिच्यासाठीच. मास्टरांना स्वतःला चालवता येत नव्हती. पण गाडी आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती असा फेरा मारला, जसा ते नव्या कोटाभोवती मारायचे. कुठे चिमटीत धरून पाहिलं, कुठे तळहाताने सारखं केलं. मग म्हणाले, "अंगावर नीट बसलीय."

हायवे म्हणजे काय ते मला तिथे कळलं. पुढे ट्रक, मागे ट्रक. ट्रकच्या पाठीला एक लोखंडी आडवा दांडा असतो, बरोबर माझ्या उंचीच्या जरा वर. तो रोज माझ्यासमोर हलत असायचा. कधी लांब, कधी हाताच्या अंतरावर. तो मला ओळखून होता आणि मी त्याला. दोघांपैकी कुणीच काही बोलत नव्हतं.

एका रणरणत्या दुपारी गाडी तापली. काटा वर चढला, पुढून वाफ आली आणि टिचकीला हायवेच्या कडेला थांबावं लागलं. मोबाइलची बॅटरी संपलेली. शेजारून ट्रक जायचे तेव्हा गाडी पाळण्यासारखी हलायची. ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. मास्टर दुकानाच्या पायरीवर बसून होते. गळ्यातली टेप त्यांनी बोटाभोवती इतकी गुंडाळली होती की बोट निळं पडलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात गेली. गॅरेजवाला खाली वाकला, त्याने विजेरी मारली आणि तो म्हणाला, "रेडिएटरला वारा पुरत नाहीये, मास्टर. पंख्याचं काहीतरी घोडं पेंड खातंय. सोडून जा, चार दिवसांनी बघतो. तशी समोर ती आडवी पट्टीपण थोडा वारा अडवतेच म्हणा."

"पट्टी?" मास्टरांनी विचारलं.

"हो, ही बघा. बंपरच्या मागची पट्टी."

मित्रांनो, गॅरेजवाला पंख्याबद्दल बोलत होता. पट्टीचं त्याने असंच जाता जाता म्हटलं. पण मास्टरांच्या कानात तेवढा एकच शब्द अडकला. शिंप्याच्या घरी पट्टी म्हणजे काय? शर्टाच्या पुढच्या बाजूला उभी, दुमडून शिवलेली असते ती. तिच्यावर ओळीने काजं करतात. तिचं नावच मुळी काजपट्टी. काजं नसलेली काजपट्टी ही मास्टरांच्या लेखी अर्धवट शिवलेली वस्तू होती.

चार दिवस गाडी सोडून जायला त्यांचा जीव तयार नव्हता. लेकीला बसने उभ्याने जावं लागलं असतं. गॅरेजातल्या पोराला चालवायला सांगून त्यांनी गाडी परत घरी आणली.

दुकान बंद असण्याचा वार होता. शेजारच्या ग्रिलवाल्याला मदतीला बोलावून मास्टरांनी बंपर उतरवला आणि मला खोलून दुकानात आणलं. कापायच्या मोठ्या टेबलावर मला आडवं ठेवलं. गाडीला बसवल्यापासून पहिल्यांदाच मी उजेडात आले होते. भिंतीवर अर्धवट कोट टांगलेले होते, एकेका बाहीचे, पांढऱ्या कच्च्या दोऱ्यांचे. कारखान्यातले बाहुले मला आठवले.

मास्टरांनी टेप लावली, मधोमध खूण केली. बटणांच्या डब्याचं झाकण माझ्यावर ठेवून निळ्या खडूने गोल आखले. एकाला लागून एक, सारख्या अंतरावर, सहा.

काकू दारात आल्या. हातात चहाचे कप होते. "हे काय आरंभलंय?"

"हिला काजं करतोय," मास्टर म्हणाले. "वारा आत जाईल. गाडी तापणार नाही."

"लोखंडाला भोकं पाडणार?"

"अगं, भोक आणि काज यात फरक आहे. कापून तसंच सोडलं तर ते भोक. कड नीट बांधली की त्याचं काज होतं. ते फाटत नाही. तू रोज तेच करतेस की."

"मी कापडाला करते."

"आणि हे बघ, कंपनीने स्वतःच ठेवलीत चार. मी थोडी वाढवली म्हणून काय बिघडलं?"

त्या छिद्रांची साक्ष निघाली ती अशी. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की ती छिद्रं माहीत असलेल्या ठिकाणी आहेत, तुमची नेमकी जिथे सगळा ताण येतो तिथे पडताहेत. पण पोलादाला तोंड नसतं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या अंगावर कप ठेवून निघून गेल्या. कपाचा तो गोल, गरम ठसा हा माझ्या चांगल्या दिवसांतला शेवटचा.

ग्रिलवाल्याने ड्रिल मशीन लावलं. पहिलं पातं धूर काढून बसलं. दुसरं टचकन मोडलं.

"मास्टर, ही दिसते लोखंडासारखी, पण वागत नाही तशी," तो घाम पुसत म्हणाला. "माझ्या सासूपेक्षा कडक आहे."

"सासूलाही एवढा वेळ दिला असतास तर ती मऊ पडली असती," मास्टर हसले. "चालव, चालव."

मला त्या दोघांचं हसू आलं नाही. जाड कापडात सुई मोडली की मास्टर लगेच थांबत, कापड उलटं करून बघत, हे इतकं जाड का शिवलंय म्हणून. माझ्यावर त्यांनी पात्यामागून पाती मोडली, पण ही बया इतकी कडक कशासाठी केली असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कारण डोळ्यांसमोर मी नव्हतेच. डोळ्यांसमोर हायवेच्या कडेला एकटी उभी असलेली त्यांची लेक होती. ती उन्हात उभी आहे म्हणून ते घाईत होते, आणि तिच्यापुढची एकमेव भिंत ते पोखरत होते.

संध्याकाळपर्यंत सहाही झाली. मग मास्टरांनी काय करावं? बारीक कानस घेऊन प्रत्येक भोकाची कड घासली. इतकी, की बोट फिरवलं तर लोणी. त्यावर काळ्या रंगाचे दोन हात दिले. असं देखणं काम मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं. टिचकी ड्यूटीवरून आली तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून दाखवायला आणलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत? पट्टीचे कारागीर आहात!"

"पट्टीचाच!" मास्टर म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश झाले.

मला परत जागेवर बसवलं, वरून मुखवटा चढवला, आणि काळोख झाला.

गाडी खरोखरच तापेनाशी झाली. कारण थंडीचे दिवस सुरू झाले होते. पण श्रेय काजांना मिळालं. गिऱ्हाइकांना मापं देताना मास्टर ती गोष्ट रंगवून सांगत. वारा आता माझ्या अंगातून आरपार जायचा आणि वेग वाढला की भोकांतून बारीक शीळ निघायची. टिचकीला वाटायचं, काच नीट लागली नाही. ती काच घट्ट करायची आणि शीळ चालूच राहायची.

मग एके दिवशी बोळात गाडी लावताना तिचा अंदाज चुकला. गाडी अगदी हळू, चालत्या माणसाच्या वेगाने, समोरच्या सिमेंटच्या खांबाला टेकली. धप्प. एवढंच. ती घाबरून उतरली. प्लॅस्टिकचा मुखवटा आत दबला होता. तो एक क्षणभर तसाच राहिला आणि पक् करून पुन्हा फुगून बाहेर आला.

मास्टर धावत आले. त्यांनी तळहात फिरवला. "ओरखडासुद्धा नाही गं! उगीच रडतेस. गाडी मजबूत आहे."

मुखवट्याने माझा घात केला तो असा. बाहेर सगळं हसरं, साजरं. आत माझं कंबरडं मोडलं होतं. अख्खी असते तर असला धक्का मला कळलाही नसता. पण आता माझ्या मधोमध, चौथ्या भोकापाशी, एक बारीक चीर गेली. देखण्या काळ्या रंगाखाली, घासून गुळगुळीत केलेल्या कडेपासून ती निघाली आणि खालच्या कडेकडे तोंड करून थांबली. चिरेला घाई नसते. गतिरोधक आला की ती केसभर पुढे सरके आणि आवाज करी. टिक्.

त्यानंतर मी रोज हायवेला जात होते. ट्रकच्या पाठीचा तो लोखंडी दांडा रोज माझ्यापुढे डुलायचा. पूर्वी मी त्याच्याकडे ताठ बघायचे. आता बघवत नव्हतं. माझ्यामागे गाडी चालवताना टिचकी कधी गुणगुणायची, कधी मैत्रिणीला सांगायची, "आमच्या बाबांनी गाडी अशी केलीय ना, की काळजीच नाही." मित्रांनो, त्या वाक्याने माझ्या अंगावर जितका काटा आला, तितका त्या भिंतीच्या आवाजानेही आला नव्हता.

एके सकाळी काकू तिच्याबरोबर निघाल्या. गुडघा दाखवायचा होता. पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पिशवी घेतली. गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर म्हणाल्या, "टिचके, पुढे काय वाजतंय?"

"काही नाही गं आई."

"टाका सुटल्यासारखा आवाज येतोय."

"आई, ही गाडी आहे. शिलाई मशीन नाही."

"आवाज सगळ्यांचे सारखेच असतात," काकू म्हणाल्या आणि जरा पुढे वाकल्या. त्यांचा कान माझ्याकडे लागला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझं कुणीतरी ऐकत होतं.

हायवेवर पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम पेटले. टिचकीने ब्रेकवर पाय रोवला. चाकं किंचाळली, गाडीने नाक खाली घातलं, आणि तो लोखंडी दांडा माझ्याकडे यायला लागला. त्याच्यावरचा गंज मला दिसला. गंजाखालचे बोल्ट दिसले. त्याच्या मागे ताडपत्रीची दोरी लोंबत होती, तिची गाठ दिसली. मला माझी बहीण आठवली, ती कशी अंगभर वाकली होती ते आठवलं. आणि मला पक्कं माहीत होतं, की मी तशी वाकणार नाही. मी मधोमध दुमडेन, पुस्तकासारखी मिटेन, आणि तो दांडा मला ओलांडून आत जाईल. आत एक आई आणि एक लेक.

गाडी थांबली. दांडा आणि मुखवटा यांच्यामध्ये एक तळहात मावेल एवढी जागा राहिली होती.

टिचकी आईकडे वळली. "आई, तुला लागलं नाही ना?"

काकूंनी पिशवी छातीशी धरली होती. गाडी थांबता थांबता त्यांनी तो आवाज पुन्हा ऐकला होता. या वेळी तो टिक् नव्हता. कापड फाटायला लागतं तेव्हा पहिला जो आवाज येतो, तो होता.

गुडघा दाखवायचा राहून गेला. घरी येताच काकू चपला न काढता दुकानात शिरल्या आणि मास्टरांच्या मशीनच्या चाकावर हात ठेवून त्यांनी ते थांबवलं.

"बंपर उघडा."

"अगं, गिऱ्हाईक बसलंय…"

"त्याला उद्या बोलवा. आधी उघडा."

काकूंचा आवाज असा होता, की गिऱ्हाईकच आधी उठलं. ग्रिलवाला आला, मुखवटा उतरला. मास्टर वाकले. मधोमध रंग पापुद्र्यासारखा सोलून निघाला होता आणि चौथ्या भोकापासून खालच्या कडेपर्यंत चीर सरळ गेली होती. वरून फक्त बोटभर पोलाद धरून होतं.

मास्टरांनी आपल्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं. ती अजूनही लोण्यासारखी होती.

"कड तर नीट केली होती," ते हळूच म्हणाले. "मग फाटलं कसं?"

काकूंनी टेबलावरून एक चिंधी उचलली. दोन्ही टोकं धरून ओढली. चिंधी ताणली, फाटली नाही. मग कात्री घेऊन त्यांनी कडेला नखाएवढा काप दिला आणि पुन्हा ओढली. टर्रकन दोन तुकडे झाले.

"कापड सरळ फाडायचं असलं की आपण आधी काय करतो?" त्यांनी विचारलं.

मास्टरांनी ते दोन तुकडे हातात घेतले. "काप देतो," ते शेवटी म्हणाले.

"काज जिथे बटण लागायचं असतं तिथे करतात. इथे तुम्हाला कसलं बटण लावायचं होतं?" काकूंचा आवाज आता चढला नव्हता, उलट खाली आला होता. "अहो, आपली पोर हिच्या मागे बसत होती. आज मीपण होते."

मास्टर गाडीच्या पुढे जमिनीवरच बसले. टिचकी त्यांच्याजवळ बसली आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "बाबा, माझ्यासाठीच केलंत ना," ती म्हणाली. ते ऐकून त्यांना रडू आलं.

गॅरेजवाल्याने दुसऱ्या दिवशी नवी पट्टी बसवली, अख्खी. भोकं पाहून त्याने कपाळावर हात मारला. "मास्टर, हिला आम्ही पट्टी म्हणतो म्हणून तुम्ही खरंच पट्टी समजलात?" मग त्याने पंखा उघडला. त्याची एक तार सैल होती. ती घट्ट करायला त्याला विडी ओढण्याइतकाही वेळ लागला नाही. टिचकी त्या गाडीतून आजही सुखरूप जाते-येते, असं मी समजते. निदान एवढं चांगलं मनाशी धरून मला तिथून निघायचं होतं.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण ऐका.

मी गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी होते. मास्टरांबरोबर आलेल्या काकूंनी निघताना त्यांना सांगितलं, "हिचे दोन तुकडे करून टाका. फसलेला कोट आपण अख्खा कधी बाहेर देतो का? कुणीतरी उचलून अंगात घालतं."

मास्टरांनी कटरकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात उठला नाही. "मला तिला पुन्हा पातं लावायला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी पुरेसं कापलंय तिला. राहू दे बिचारीला, भंगारात जाईलच."

हा माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. पहिल्यांदाही त्याने जे केलं ते मायेनेच केलं, आणि दुसऱ्यांदा जे केलं नाही तेही मायेनेच.

मी भंगारात गेले नाही. पलीकडच्या डेंटरने मला उचललं. गाड्यांचे पोचे काढायचा त्याचा धंदा, आणि जुनं ते नवं करून विकण्यात त्याचा हातखंडा. त्याने गॅसची ज्योत लावून मला लाल होईपर्यंत तापवलं आणि हातोड्याने सरळ केलं. साच्यावरचा म्हातारा काय सांगायचा, ते आठवतंय ना? माझ्या अंगातला होता-नव्हता तो कडकपणा त्या ज्योतीत निघून गेला. चीर त्याने वरवर वेल्डिंग करून बुजवली. भोकांवर पातळ पत्र्याच्या टिकल्या चिकटवल्या, त्यावर पुट्टी भरली, घासली, आणि काळा रंग मारला. "नवीकोरी," तो मला उचलून म्हणाला. खरंच, मीच स्वतःला ओळखलं नसतं.

आणि मग एक दिवस मला कुठल्याशा गाडीला बसवलं.

ती कोणती, ते मला माहीत नाही. मी आतून बघते, मला गाडीचा रंग दिसत नाही. चालवणारा सावकाश चालवतो. शेजारी बसणारी बाई खिडकी उघडी ठेवते. मागे दोन मुलं असतात आणि खिडकीच्या जागेवरून रोज भांडतात. सुट्टीत लांबच्या गावी जायचं त्यांचं ठरतंय. काल त्यांच्यापैकी कुणीतरी मुखवट्यावर हात थोपटून म्हणालं, "आपली गाडी मजबूत आहे."

मित्रांनो, म्हणून मी तुम्हाला हे सगळं सांगत बसले. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, कुणाच्या हातून फिरत आलेली, तर तिचा मुखवटा एकदा जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या आणि आत कोण बसलंय ते बघा. धक्का छोटा होता, ओरखडाही नाही, म्हणून सोडून देऊ नका. रंगावर जाऊ नका. आणि आत मी सापडले, काळ्या रंगाखाली ओळीने सहा गोल दिसले, तर माझी कीव करू नका. मला बाहेर काढा, मधोमध कापा, दोन तुकडे दोन ठिकाणी टाका.

मला अख्खी ठेवू नका.

बघा, दार लागल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं, मग मागचं. मुलं खिडकीवरून भांडायला लागली आहेत. किल्ली फिरली.